भुऱ्याच्या गोळ्या आणि नंदूदादांचा गुडघा

वस्तू जपून कशी ठेवावी, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! सिंचन विभागात मी जन्मभर भांडारपाल होतो. माझ्या ताब्यातून सहीशिवाय टाचणी बाहेर गेली नाही. एकदा खुद्द मोठ्या साहेबांना मी फावडं दिलं नव्हतं. अशा माणसाच्या घरातून कुत्र्याच्या गोळ्या गहाळ व्हाव्यात, यावर बालाघाटात अजून कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता.

भुऱ्या आमचा कुत्रा. तरुणपणी गल्लीतली प्रत्येक मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत पोचवून यायचा. आता वय झालं, मागच्या पायांचे सांधे आखडले, तेव्हा तो बसल्या जागेवरून भुंकून काम भागवू लागला. मग एके दिवशी अंगणातून ओसरीची पायरी चढता येईना, म्हणून नुसताच माझ्याकडे बघत उभा राहिला. मला फार वाईट वाटलं. उचलून वर घेतला आणि तसाच रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टर श्रद्धा मॅडमकडे नेला.

मॅडमनी पाय वाकवून पाहिले, रक्त तपासलं आणि सूज-दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

"रोज एकच, जेवण झाल्यावर. आणि अंकल, आपली माणसांची दर्दवाली गोळी याला चुकूनही द्यायची नाही. ही गोळीसुद्धा जास्त गेली तर पोटावर येईल, किडनीवर येईल. नीट सांभाळून ठेवा."

"मॅडम, सांभाळून ठेवणं तेवढं माझ्यावर सोडा!" मी म्हणालो.

गोळ्या तपकिरी, चौकोनी. कुत्र्यांनी खुशीनं खाव्यात म्हणून त्यांना कलेजीची चव दिलेली होती. भुऱ्या इतका खूश झाला, की पहिल्याच संध्याकाळी त्यानं बाटलीचं झाकण खाल्लं. म्हणून मी गोळ्या स्टीलच्या डबीत काढल्या आणि घरात जिथे भुऱ्याला मज्जाव आहे अशा एकमेव जागी ठेवल्या. देवघरात, वरच्या फळीवर, बाळकृष्णाच्या शेजारी. इतकी सुरक्षित जागा सिंचन विभागातही नव्हती.

आठवडाभरात भुऱ्या पायरी चढू लागला. त्याच सुमारास कटंगीहून माझे मोठे मेव्हणे, म्हणजे माझ्या बायकोचे, कालिंदीचे, थोरले भाऊ आले.

नंदकिशोर, म्हणजे आमचे नंदूदादा. गुडघा धरला होता म्हणून बालाघाटच्या डॉक्टरला दाखवायला आले होते. डॉक्टरकडे जायचं मात्र रोज उद्यावर टाकत होते. कांदा नाही, लसूण नाही. भाजीत घालायच्या आधी पळी हुंगून बघतात. ते असले की आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही, आणि मी, रविवारी मटणाशिवाय ज्याला रविवार वाटत नाही असा माणूस, मुकाट्यानं दुधीभोपळा खातो. दादा ज्या घरी उतरतील तिथलं देवघर त्यांच्या ताब्यात जातं. सकाळी अंघोळ, पूजा, लांबलचक आरती, आणि मग देवापुढे जे काही असेल ते डोळे मिटून तोंडात!

"देवापुढचं इचाराचं नसते," ते सांगतात, "घ्याचं असते."

हे तुम्हाला मी आत्ता सांगतो आहे. तेव्हा मला सुचलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

दादांचा मुक्काम वाढत गेला. एका सकाळी ते काठी न घेता अंगणात आले.

"कालिंदी! पाह्य, गुडघा मोकळा झाला माह्या! तुह्या घरच्या देवात लय ताकद हाय वं!"

"मी म्हणतच होती, दादा!" कालिंदीनं तिथूनच देवाला हात जोडले.

माझाही ऊर भरून आला. देव माझ्याच घरचा होता.

त्याच दिवशी भुऱ्याला गोळी द्यायला मी डबी उघडली, तर डबीचा तळ दिसत होता! अजून बरेच दिवस पुरायला हव्या होत्या. भांडारपालानं उरलेल्या गोळ्या दोनदा मोजल्या.

"तू त्याला जास्तीच्या गोळ्या देतेस?" मी कालिंदीला विचारलं.

"मी काहून देऊ? तुमीच देत असान! त्यानं शेपूट हालवली का तुमचा हात ढिला होते!"

"माझा हात? मी साहेबांना फावडं दिलं नव्हतं!"

"साहेबानं शेपूट नसन हालवली."

भांडण तिथेच सोडून मी मॅडमना फोन लावला. मॅडम एकदम गंभीर झाल्या.

"दुप्पट गेली असेल तर धोका आहे. गोळी आजपासून बंद. उलटी होते का, खाणं सुटतं का बघा. शी काळी होते का तेही बघा. रक्त पुन्हा तपासू."

डबी मी कपाटात कुलूपबंद केली आणि भुऱ्यामागे हिंडू लागलो. तो कुंपणाशी बसला की मी वाकून बघायचो. तो संकोचून उठायचा आणि दुसरी जागा शोधायचा, की मीही तिकडे. शेजारच्या मंजूताईंनी विचारलं, "भाऊजी, काही हरवलं का जी?" मी म्हणालो, "नाही, सापडायची वाट बघतोय." त्यांनी खिडकी लावून घेतली.

भुऱ्याला काहीही झालं नाही. फक्त गोळी बंद झाल्यामुळे तो पुन्हा लंगडू लागला. पायरीशी येऊन माझ्याकडे बघू लागला, आणि मला त्याच्या नजरेला नजर देववेना. रोगापेक्षा माझी राखण त्याला महागात पडली होती. काहीही करा, पण याचं रक्त चांगलं निघू द्या, असं मी बाळकृष्णाला रोज म्हणत होतो. बाळकृष्णाला सगळं माहीत होतं. तो बोलला नाही.

रिपोर्ट आला. रक्त अगदी स्वच्छ! "याला जास्त गोळी गेलेलीच नाही, अंकल," मॅडम म्हणाल्या. "मग गेल्या कुठे?"

हाच प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि फाटकातच थांबलो. ओसरीवर भुऱ्या पाय लांब करून कण्हत बसला होता. त्याच्या शेजारी, तसाच पाय लांब करून, तसेच कण्हत नंदूदादा बसले होते.

"काय झालं, दादा?"

"गुडघा पुन्हा धरला नं, जवाईबापू. पोटातही जळजळ होऊन राह्यली." त्यांनी माझ्याकडे तक्रारीच्या नजरेनं पाहिलं. "देवापुढचा प्रसाद तुमी काहून काढला जी? तवापासूनच सुरू झालं हे!"

पुढे यायला गेलो तो पायरीलाच ठेचकाळलो. ओसरीवर आता तिसरा लंगडा बसणार होता.

"रोज किती… किती प्रसाद घेत होता, दादा?"

"एकादशीले दोन."

मी तिथूनच मॅडमना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना माझ्याकडे आणू नका! माणसांच्या डॉक्टरकडे न्या, लगेच. बाटली बरोबर घ्या." कालिंदी रडू लागली. दादांना काही बरंवाईट झालं असतं तर मला कटंगीचं तोंड कधीही बघता आलं नसतं, आणि बालाघाटात कालिंदीचं.

दवाखान्यात दादांना टेबलावर निजवलं. डॉक्टर वयस्कर होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते मोठ्यानं बोलायचे.

"क्या खाया इन्होंने?"

मी जपून ठेवलेली गोळ्यांची रिकामी बाटली पुढे केली. कुजबुजून काही सांगावं, तोवर त्यांनी चष्मा लावून वाचलं, बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनाही ऐकू जाईल असं. "सिर्फ कुत्तों के लिए। कलेजी के स्वाद में!"

दादांनी डोळे मिटले. कालिंदीनं उघडले, ते माझ्यावर रोखूनच.

सुदैवानं दादांचं रक्तही चांगलं निघालं. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं, गुडघा नीट तपासला आणि माणसांच्या औषधांची चिठ्ठी लिहिली. दादांनी शुद्धीसाठी उपास धरले आणि माझ्याशी मौन. भुऱ्याच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पहिल्यांदा तो पायरी चढून आला तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडून चक्क रडलो! डबी आता माझ्या शर्टाच्या खिशात असते.

दादा पूर्ण बरे झाल्यावर मी त्यांना कटंगीच्या बसवर सोडायला गेलो. बस लागलेली होती. दादा चढेनात. इकडेतिकडे बघून त्यांनी माझी बाही ओढली. मौन सुटलं!

"जवाईबापू, कालिंदीले सांगाचं नाही."

"नाही सांगत. काय?"

"तो जो… प्रसाद होता नं…" दादांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तशी चव माणसाइच्या खाण्यात कुठं भेटते का जी?"

मी उभ्या जन्मात सहीशिवाय कुणाला काही दिलं नव्हतं. पण मी दादांची पिशवी बसमधून खाली घेतली आणि म्हणालो, "पुढची बस दुपारी आहे. चला."

दादांना दुपारच्या बसमध्ये बसवून घरी परतलो तर भुऱ्या धावत फाटकापर्यंत आला. आला तो माझ्या हातांना चिकटला! उजवा हुंगला, डावा हुंगला, पुन्हा उजवा चाटू लागला. काही केल्या सोडेना.

ओसरीवरून कालिंदी बघत होती.

"त्याची गोळी तं सकाळीच देली नं?"

"हौ," मी म्हणालो आणि हात धुवायला मागच्या नळावर गेलो. भुऱ्या तिथेही आला.