सकपाळकाकांचा उलटा हात

आमच्या परळच्या चाळीतले सकपाळकाका कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याला उलटा हात लावतात. फ्रीज असो, पाण्याचा पंप असो, नाहीतर कुणाचा चार्जिंगला लावलेला मोबाइल. मग डोळे मिटून निदान सांगतात, "ताप आहे," किंवा "नॉर्मल". तिसरा आजार त्यांच्या शास्त्रात नाही.

मी जुनी गाडी घेऊन तिच्यात नवा स्टिरिओ बसवला, तेव्हा माझ्यापेक्षा काकांनाच आनंद. संध्याकाळी मी कामावरून आलो की ते गेटपाशी हजर. शेजारच्या सीटवर बसायचे, काकींच्या आवडीची भीमगीतं लावायला सांगायचे, आणि शिवाजी पार्कला चक्कर मारून आम्ही परत. काकी गेल्यापासून त्यांना खोलीत करमत नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

पहिल्याच आठवड्यात सेट खडखडायला लागला. "माझ्यावर सोड," काका म्हणाले. मी वर जाऊन चहा घेऊन येईपर्यंत खडखड बंद! मी खूश.

पण मग नवंच दुखणं सुरू झालं. तीन गाणी झाली की सेट तापायचा आणि मुका व्हायचा. काकांनी उलटा हात लावला. "ताप आहे. सणसणीत." उपचार सुरू झाले. वर्तमानपत्राने वारा घालून झाला. ओल्या रुमालाची घडी ठेवायला निघाले, ती मी हिसकावून घेतली.

शेवटी मी वैतागलो. "काका, उद्या दुकानात परतच देतो हा."

काकांचा चेहरा उतरला. "असं पेशंटला सोडतात काय रे? थांब, आतून बघू." स्क्रू काढून त्यांनी सेट बाहेर ओढला, तर मागे सुती साडीचं फडकं, चार घड्या घालून घट्ट गुंडाळलेलं.

"हे कुणी घातलं?"

"मीच," काका हळूच म्हणाले. "नव्या बाळाला जुन्या लुगड्यातच ठेवतात ना रे. म्हटलं, हादरे बसायला नकोत. तुझ्या काकीच्या साडीचं आहे."

मला हसू आवरेना. डॉक्टरनेच पेशंटला गोधडीत घातलं होतं! काका मात्र हसले नाहीत. फडकं खिशात कोंबून निघून गेले.

सेट खणखणीत वाजू लागला, पण गेटपाशी काका दिसेनात. दोन-तीन संध्याकाळी मी एकटाच फिरून आलो. मजा येईना. लहानपणी आई-वडील कामावर असताना माझा ताप याच हाताने ओळखला होता, आणि याच माणसाने मला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला होता. ते उपकार मी विसरलेलो नाही.

सरळ त्यांच्या दारात गेलो. "काका, कणकण वाटतेय. बघा ना जरा."

ते धडपडत उठले. कपाळाला उलटा हात टेकला. "नॉर्मल आहेस की! नाटकं करतो."

"आता तुमचा बघू," म्हणत मी माझा उलटा हात त्यांच्या कपाळावर ठेवला. काकांनी डोळे मिटून घेतले.

"नॉर्मल," मी म्हणालो. "चला, गाडी खाली उभी आहे."

"जाऊ रे," ते डोळे न उघडताच म्हणाले. "हात ठेव अजून थोडा. ती गेल्यापासून कुणी बघितलंच नव्हतं."