चढती पूड, उतरती पूड आणि तापलेला कातळ

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. असल्या गोष्टी चारचौघांत सांगायच्या नसतात म्हणे. तरी सांगते. पण हळू आवाजात सांगणार आहे, म्हणून जरा पुढे सरकून बसा. यात माणसं अजिबात नाहीत, फक्त माकडं आहेत. तेव्हा कुणाला राग यायचं काही कारण नाही.

एका जंगलात माकडांची एक टोळी राहत होती. टोळीची एक रीत होती. जे करायचं ते सगळ्यांनी मिळून आणि एकाच वेळी. म्होरक्याने उडी मारली की सगळे उडी मारत. म्होरक्याने जांभळं खाल्ली की सगळे जांभळं खात. म्होरक्याला शिंक आली की टोळीभर शिंका सुरू होत. ज्याला शिंक यायची नाही तो नाकात गवताची काडी घाली.

म्होरक्याचं नाव होतं दांडगोबा. तो मनाने चांगला होता. फक्त आपल्याला जे होतं तेच जगाला होतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

या टोळीत झिप्री नावाची एक माकडीण होती. फार मोठी नाही, फार लहान नाही. कपाळावरचे केस डोळ्यांवर येत, म्हणून झिप्री. ती बोलायची कमी आणि केसांच्या आडून पाहायची जास्त.

ओढ्याच्या काठी एक काळा, सपाट कातळ होता. सकाळभर तो उन्हात तापे, आणि दुपारी गोधडीसारखा ऊबदार होई. मोठ्या माकडिणींपैकी कुणी ना कुणी अधूनमधून त्यावर पालथी झोपलेली दिसे. पोट कातळाला लावून, डोळे मिटून.

"काय करतेस गं?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"ऊन खातेय."

ऊन तर सगळ्या जंगलात पडलेलं असे. पण पुढे कुणी काही विचारत नसे.

झिप्रीच्या पोटात पहिल्यांदा कळ आली, तेव्हा चिंचूआत्याने तिला काहीच समजावून सांगितलं नाही. फक्त हाताला धरून कातळावर नेलं, पालथं झोपवलं आणि म्हणाली, "ऊन खा."

झिप्रीने खाल्लं. बरं वाटलं. या विषयातलं तिचं सगळं ज्ञान ते एवढंच. पण तेवढं पुरत होतं.

मग एके दिवशी जंगलात वैद्यबुवा मुंगूस आले.

त्यांच्या पाठीवर दोन बोचकी होती. ते वडाखाली बसले, मिशा साफ केल्या आणि म्हणाले, "आमच्या घराण्याने नागाचं विष उतरवलंय. तुमच्या पोटदुखीचं काय घेऊन बसलात!"

खरं तर पोटदुखीचं कुणीच काही घेऊन बसलं नव्हतं. पण सगळ्या माकडिणी एकदम कान खाजवू लागल्या.

"तुमच्या अंगात," वैद्यबुवा म्हणाले, "हार्मोन नावाचे दोन प्राणी राहतात."

"अगं बाई!" चिंचूआत्या दचकली. "कधीपासून?"

"जन्मापासून. एक चढतो, एक उतरतो. दोघांची वाटेत गाठ पडली की भांडण होतं. मग पोट दुखतं, रडू येतं आणि शेपूट जड होते. म्हणून ही चढती पूड आणि ही उतरती पूड. दोन्ही शुद्ध मुळापाल्याच्या. चढती चढत्या दिवसांत घ्यायची, उतरती उतरत्या दिवसांत."

"आणि उलटी घेतली तर?"

"तर उलटी होते."

हे सगळ्यांना एकदम पटलं. इतकं सोपं शास्त्र त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"वैद्यबुवा, याच्या बदल्यात आम्ही काय द्यायचं?" दांडगोबाने विचारलं.

"छे छे, मला काही नको! ही सेवा आहे. फक्त पूड वाळवायला उन्हाची एखादी सपाट जागा मिळाली तर बरं."

दांडगोबाने इकडेतिकडे पाहिलं. त्याला ओढ्याकाठचा कातळ दिसला. त्या दिवशी तो रिकामा होता.

"तो घ्या," तो म्हणाला. "तिथं कुणी काही करत नाही. बायका नुसत्या ऊन खातात."

झिप्रीचं तोंड उघडलं. मग मिटलं. चिंचूआत्याचंही तेच झालं. माकडिणींच्या रांगेत अशी बरीच तोंडं उघडली आणि मिटली. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, जांभया चालल्या आहेत.

अशा रीतीने पोटदुखीवरचं औषध पोटदुखीच्या कातळावर वाळत पडलं.

आता प्रश्न आला दिवस धरायचा.

"प्रत्येकीने आपापल्या पहिल्या दिवसापासून धरायचं," वैद्यबुवांनी सांगितलं.

हे ऐकून दांडगोबाने सभा बोलावली. या टोळीत आपापलं असं काही करायची पद्धतच नव्हती. "पहिला दिवस," तो म्हणाला, "कुणाचा धरायचा?"

माकडिणी एकमेकींच्या उवा शोधू लागल्या. ज्यांच्या अंगावर उवा नव्हत्या त्यांच्याही सापडल्या.

"अहो, कावळा शिवतो तो दिवस हो," एक म्हातारं माकड पुटपुटलं. टोळीत त्या दिवसांना असंच म्हणायचे.

"मग कावळ्यालाच विचारा!"

कावळ्याला बोलावलं. तो आला तोच फणकारत. "मी आजवर एकाही माकडिणीला शिवलेलो नाही! सात पिढ्या हा आळ ऐकून घेतोय. घरी बायको काय म्हणत असेल, याचा विचार केलाय कधी?" आणि तो तडक उडून गेला.

"झिप्रे," अचानक दांडगोबा म्हणाला, "तू तरुण आहेस. तू सांग. तुझा कधी असतो?"

सगळ्या टोळीने झिप्रीकडे पाहिलं. झिप्रीला उत्तर ठाऊक होतं. तिचा दिवस साधारण अर्ध्या चंद्राच्या आसपास येई. पण तिने केस आणखी पुढे ओढले आणि म्हणाली, "मला... मला ठाऊक नाही."

"बघा! कुणालाच ठाऊक नाही." दांडगोबाने मांडीवर थाप मारली. "तेव्हा मीच ठरवतो. पहिला दिवस पौर्णिमेचा. माझाही तोच, सगळ्यांचाही तोच. पूड सगळे घेतील. मीसुद्धा घेईन. म्होरक्याने मागे राहायचं नसतं!"

टाळ्या पडल्या. वैद्यबुवांनी मिशा साफ केल्या. बोलताना त्यांनी एक बारीक सूचनाही दिली. चढती पूड झाडावर चढताना घ्यायची आणि उतरती उतरताना. तरच ती अंगात योग्य दिशेने जाते.

झालं. सगळी टोळी चढू लागली. मग काही दिवसांनी सगळी टोळी उतरू लागली. पण उतरायचं तर आधी चढावं लागे, आणि चढताना तोंड घट्ट मिटून ठेवावं लागे, कारण तोंडात उतरतीची पूड असे. जंगलात त्या दिवसांत फार शांतता होती.

अर्ध्या चंद्राची दुपार आली. झिप्रीच्या पोटात कळ आली. ती झाडावरून उतरली आणि वाकून चालत ओढ्याकाठी गेली. कातळावर कडेपासून कडेपर्यंत पूड पसरली होती. बाजूला वैद्यबुवा बसले होते.

"वैद्यबुवा, मी जरा इथे... ऊन खाऊ?"

"पूड आहे इथं. दिसत नाही?"

झिप्रीने पहिल्यांदाच धीर केला. "माझं पोट दुखतंय," ती म्हणाली. इतकं हळू, की ओढ्याच्या आवाजात ते जेमतेम ऐकू आलं.

"कसं दुखेल? हे उतरते दिवस आहेत. उतरत्या दिवसांत दुखत नाही."

"पण दुखतंय."

"ते चुकून दुखतंय."

"मग चूक संपेपर्यंत कोपऱ्यात झोपू का? एवढासाच कोपरा?"

"पोरी, तुझ्या एकटीसाठी शास्त्र सरकवू का मी?" वैद्यबुवा म्हणाले. "अख्खी टोळी ठीक आहे. तुझं हे वैयक्तिक आहे. जा, शेंड्यापर्यंत चढ आणि आणखी एक चिमूट घेऊन उतर."

झिप्री शेंड्यापर्यंत चढली. उतरली. पुन्हा चढली. खालच्या फांदीवर चिंचूआत्या बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती हसत होती.

"आत्या, तुलाही दुखतंय?"

"छे गं," चिंचूआत्या हसतच म्हणाली. "आज कुठे दुखायचं असतं!" आणि तिने फांदीला पोट घट्ट दाबलं. पण फांदी सावलीतली होती. गार होती.

तेव्हा झिप्रीने केसांच्या आडून सगळ्या झाडांकडे नीट पाहिलं. कुणी ना कुणी, कुठे ना कुठे, तसंच हसत होती.

मग पौर्णिमा आली. सकाळपासून सगळ्या माकडिणी तयारीत होत्या. दांडगोबाने इशारा केला, तशा सगळ्या एका सुरात "आई गं!" म्हणाल्या. आवाज छान घुमला. तालीम झाली होती.

तेवढ्यात आणखी एक "आई गं!" आलं. ते जरा मागून आलं, आणि ते बसवलेलं नव्हतं.

ते दांडगोबाचं होतं.

म्होरक्या म्हणून त्याने सगळ्यांच्या दुप्पट पूड खाल्ली होती. चढताना खाल्ली, उतरताना खाल्ली, आणि मध्ये दमून बसला तेव्हाही खाल्ली. त्याच्या पोटात असा मुरडा आला की तो फांदीवरून घसरून थेट वैद्यबुवांच्या समोर पडला.

"धन्य!" वैद्यबुवा ओरडले. "पौर्णिमेच्या दिवशी! बघा, वेळेवर घेतलं की वेळेवर येतं!"

टोळीने टाळ्या वाजवल्या. म्होरक्याला वेळेवर आलं, म्हणून म्हाताऱ्या माकडांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी त्याला पानांनी वारा घालू लागलं. कुणी त्याचे पाय चेपले. तू आज काही काम करू नकोस, असं त्याला चौघांनी सांगितलं.

"अरे, पण दुखतंय!" दांडगोबा विव्हळला. "माझ्या टोळीत कुणालाच कधी इतकं दुखलं नसेल!"

सगळ्या माकडिणी आकाशाकडे पाहू लागल्या.

"वैद्यबुवा, काही करा!"

"एक चिमूट देतो. चढा पाहू."

"चढवत नाही हो!"

झिप्री समोरच उभी होती. कातळ दिला त्या दिवशी गिळलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं. पूड कातळावर होती, आणि ती उचलायला लावू शकणारा तिच्यासमोर गडाबडा लोळत होता. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. तिने केस मागे सारले.

"दांडगोबाकाका," ती म्हणाली, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. "कातळावर पालथं झोपा. पोट टेकवून. पूड झाडून टाका आणि झोपा."

"तुला काय ठाऊक गं?" वैद्यबुवा गुरगुरले.

"मला एवढंच ठाऊक आहे."

पण दांडगोबा थांबला नव्हता. तो सरपटत गेला, दोन्ही हातांनी सगळी पूड ओढ्यात लोटली आणि कातळावर पालथा पडला. थोडा वेळ गेला. त्याची शेपूट सैल झाली. मग तो म्हणाला, "हाऽऽऽ."

टोळीतली सगळी माकडं "हाऽऽऽ" म्हणाली. ओढ्यातले मासे मात्र त्या दिवसापासून उगाचच वर जातात आणि खाली येतात.

संध्याकाळी दांडगोबा उठला आणि त्याने जाहीर केलं, "आज मी एक शोध लावलाय!"

कातळाला म्होरक्याचा कातळ असं नाव मिळालं. वैद्यबुवा निघून जातील असं झिप्रीला वाटलं होतं. ते गेले नाहीत. त्यांनी कातळाचा वास घेतला आणि सांगितलं, "गुण दगडाचा नाही. पूड आत मुरली आहे." त्यांचा सत्कार झाला. मग नियम झाला, की कातळाचा लाभ सगळ्या माकडिणींना मिळेल, पण पौर्णिमेलाच. एरवी कुणाला दुखत नसल्यामुळे एरवी गरज नाही.

झिप्रीचं नाव कुणी घेतलं नाही. "आगाऊ झालीये जरा," एवढं मात्र दोघंतिघं म्हणाली.

पुढे दर पौर्णिमेला त्या कातळावर अशी गर्दी होई, की एकीची शेपूट दुसरीच्या नाकात जाई. ज्यांना दुखत नसे त्याही रांगेत उभ्या राहत. रांगेत नाही राहिलं तर कारण कुणाला सांगायचं!

आणि पुन्हा अर्ध्या चंद्राची दुपार आली. झिप्रीच्या पोटात कळ आली. ती ओढ्याकाठी गेली. कातळ तापलेला होता आणि पुरता मोकळा होता. असणारच. आज टोळीत कुणालाच दुखत नव्हतं, तसा नियम होता.

नाही, पुरता मोकळा नव्हता. एका कडेला चिंचूआत्या डोळे मिटून पालथी पडली होती. तिने डोळे न उघडताच थोडं सरकून जागा केली. झिप्री तिच्या शेजारी झोपली. कातळ खालून ऊब देत राहिला.

तेवढ्यात वरून वैद्यबुवांचा आवाज आला. "काय चाललंय तिथं?"

दोघी एका सुरात म्हणाल्या, "ऊन खातोय!"

तात्पर्य : मुलांनो, औषध कधी चुकत नाही, पोट चुकतं. म्हणून शहाण्या मुलीने आधी चंद्र बघावा आणि मगच दुखवून घ्यावं. दुखणं मोठ्या माणसाला झालं तर त्याला शोध म्हणावं, आपल्याला झालं तर वैयक्तिक म्हणावं. आणि भलत्याच दिवशी दुखलंच, तर गप्प न बसता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सरळ

थांबा, आई हाक मारतेय. दुधात पूड कालवून ठेवलीय म्हणते, आणि आज लाल डबीतली आहे, तिने तारीख बघितली आहे. आले गं! नाही, काही लिहीत नाहीये! काही होत नाहीये मला, इथे गच्चीत जरा नुसती ऊन