वाचल्याने कुणाचं काय बिघडलंय

हेडसरांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. असं खुद्द हेडसरांचंच मत होतं आणि ते प्रार्थनेनंतर, पालकसभेत आणि जिन्यात भेटेल त्याला ऐकवत असत. त्या वर्षी तर त्यांनी मुलांसाठी 'इंटरनेटवर सावध कसे राहावे' अशी एकवीस नियमांची पुस्तिकाच लिहून काढली. नियम चौथा: अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नये. नियम सहावा: आपले सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करावे.

खुद्द सरांच्या कॉम्प्युटरवर कागदपत्रं वाचायचं सॉफ्टवेअर होतं सात वर्षांपूर्वीचं. रोज सकाळी ते बापडं एक चौकट पुढे करून विचारायचं, 'नवी आवृत्ती घ्यायची का?' खाली दोन बटणं: 'आत्ता' आणि 'नंतर'. सात वर्षं सर न चुकता 'नंतर' दाबत आले होते. एवढ्या नियमितपणे त्यांनी दुसरं कुठलंच काम केलं नव्हतं. शिवाय एका शाळेत दोन तऱ्हा नकोत म्हणून बाकीच्या सहाही कॉम्प्युटरवर हेच सॉफ्टवेअर ठेवायचं, असं त्यांचं लेखी फर्मान होतं.

"सर, याच्यातली भोकं आता जगजाहीर झालीत," कॉम्प्युटरच्या बाईंनी एकदा धीर करून सांगितलं. "नवी आवृत्ती ती बुजवायलाच असते."

"बाई, मी त्यात फक्त वाचतो," सर चष्मा पुसत म्हणाले. "वाचल्याने कुणाचं काय बिघडलंय?"

"कागद नुसता कागद असतो, सर. पण या फाइलच्या पोटात हुकूम दडवता येतात. तुम्ही पत्र वाचता आणि बाजूला ठेवता. हे सॉफ्टवेअर म्हणजे असा भोळा कारकून आहे, की पत्रात 'कपाट उघड' असं लिहिलं असलं तर तो उठून कपाट उघडेल."

"मग कारकून बदला," सर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी 'नंतर' दाबलं.

मंगळवारी सकाळी सरांना एक मेल आली. 'आदर्श मुख्याध्यापक म्हणून आपली निवड झाली आहे. सोबत मानपत्र.' पाठवणारी संस्था सरांनी जन्मात ऐकली नव्हती. पण तिने सरांचं नाव ऐकलं होतं, आणि सरांच्या मते एवढी ओळख पुरेशी होती. नियम चौथा मुलांसाठी होता.

मानपत्र उघडलं तर आत सोनेरी चौकट आणि मध्ये कोरा करकरीत पांढरा भाग. वर सूचना: 'मजकूर दिसत नसल्यास परवानगी द्या.' पाठोपाठ सॉफ्टवेअरनेही हटकलं, 'ही फाइल धोकादायक असू शकते. पुढे जायचं?' सात वर्षांत पहिल्यांदाच सरांनी 'नंतर' म्हटलं नाही. त्यांनी लगेच 'हो' म्हटलं.

मजकूर काही आला नाही. छपाई राहून गेली असेल, असं सरांना वाटलं. तरी सोनेरी चौकट झोकदार होती. त्यांनी ते मानपत्र सगळ्या शिक्षकांना पाठवून दिलं आणि वर लिहिलं, 'पाहून कळवावे.'

या दोन शब्दांचा शाळेत मोठा दरारा होता. सरांनी पाठवलेली प्रत्येक गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत उघडून 'पाहिले' असं उत्तर द्यायचं, नाहीतर शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर नाव लागायचं आणि पाठोपाठ मेमो यायचा. त्यामुळे भूगोलाच्या सरांनी तास सोडून मानपत्र पाहिलं. गणिताच्या बाईंनी पाहिलं आणि 'अभिनंदन, शोभून दिसतं' असंही जोडलं. लायब्ररीबाईंनी पाहिलं. परवानगी प्रत्येकाने दिली, कारण सरांचं मानपत्र आणि परवानगी नाकारली असं कोण म्हणणार? फळ्यावर एकच नाव लागलं: कॉम्प्युटरच्या बाई.

बारा वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या हातात मेमो पडला. मानपत्र का उघडले नाही, याचा खुलासा करावा.

बारा वाजून दहा मिनिटांनी लायब्ररीबाई सरांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"अंक गेला," त्या म्हणाल्या.

शाळेचा वार्षिक अंक. एकशे बारा मुलांचे लेख, कविता आणि कोडी बाईंनी सहा महिने बसून टाइप केली होती. शनिवारी सगळं छापखान्यात द्यायचं होतं. आता प्रत्येक फाइलच्या जागी अगम्य अक्षरांची रांग होती आणि पडद्यावर एकच वाक्य: 'तुमच्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत.'

"दुसरी प्रत ठेवलीच असेल ना?" सरांनी करड्या आवाजात विचारलं.

"ती कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या साठवणीच्या डबीत होती," कॉम्प्युटरच्या बाई मागून म्हणाल्या. "ती कायम जोडलेली ठेवा, काढली की हरवते, हे तुमचंच फर्मान. जोडलेली होती म्हणून तीही कुलूपबंद झाली. प्रत करून झाली की डबी काढून ठेवायची असते, सर. आणि मानपत्र आलं तर आधी त्या संस्थेचा नंबर आपण शोधून फोन करायचा असतो."

"तुम्ही आधी खुलासा द्या," सर म्हणाले.

बाईंनी मेमोच्या पाठीवर तिथल्या तिथे एक ओळ लिहून दिली: 'नियम चौथा.'

सर ती ओळ बराच वेळ वाचत राहिले. वाचल्याने बिघडतं, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं असावं.

"मुलांचे मूळ कागद?" त्यांनी हळूच विचारलं.

"टाइप झालेले कागद रद्दीत द्या, असा तुमचा हुकूम होता," लायब्ररीबाई म्हणाल्या. "मी तो मोडला. पोरांच्या हातचं अक्षर रद्दीत घालवेना. ढालींच्या कपाटामागे गठ्ठे बांधून ठेवलेत. आता मला मेमो द्या."

सरांनी मेमो दिला नाही. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची ओढली.

दुरुस्तीचा माणूस येऊन सगळे कॉम्प्युटर पुसून गेला, कॉम्प्युटरच्या बाईंनी नवी सॉफ्टवेअरं ती बनवणाऱ्या कंपन्यांच्याच साइटवरून घेऊन घातली, आणि बुधवारपासून सगळा शिक्षकवर्ग टाइप करायला बसला. सरांच्या वाट्याला पाचवीचा गठ्ठा आला. ते एका बोटाने टाइप करत. खड्यांच्या ढिगाऱ्यात एकच दाणा शोधणाऱ्या कोंबडीसारखं ते बोट अक्षरांवरून फिरे.

शुक्रवारी दुपारी तळाचा कागद हाती आला. पाचवीतल्या एका मुलीचा लेख, 'आमचे हेडसर'. शाळेच्या अंकात आपल्यावर लेख म्हणून सरांनी चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि बोट चालवलं.

'आमचे हेडसर खूप हुशार आहेत. मी रोज हजेरीपट द्यायला त्यांच्या खोलीत जाते. रोज त्यांचा कॉम्प्युटर त्यांना काहीतरी विचारतो आणि सर रोज नंतर म्हणतात. मी एकदा विचारलं, तो काय विचारतो? तर सर म्हणाले, मी वाचलेलं नाही.'

बोट थांबलं. खोलीत बाकीच्यांची टकटक चालूच होती.

"लायब्ररीबाई," सर घसा साफ करत म्हणाले, "अंकाची पानं जरा जास्त होतायत, नाही? हा एक लेख गाळला तर?"

लायब्ररीबाईंनी मान वर केली नाही.

"त्याचं नंतर बघू, सर," त्या म्हणाल्या.