न येण्याचे प्रतिज्ञापत्र

माणूस एका देशातून दुसऱ्या देशात जातो, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वास्तविक जातात ते कागद. माणूस त्यांना सोबत म्हणून जातो, आणि नीट वागला तर कागद त्याला परत घेऊन येतात.

ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आली आहे. त्यांपैकी एक म्हणजे विमा कचेरीतले एक दावेतपासनीस. आलेल्या दाव्यात कोणता कागद नाही, हे शोधून काढणे हे त्यांचे काम. दुकान जळालेल्या एका माणसाकडे त्यांनी, आग लागण्यापूर्वी दुकानाला आग लागलेली नव्हती, असा दाखला मागितला होता. (त्या माणसाने तो आणला. कुठून आणला, हे विचारायचे नसते.) कचेरीत त्यांना सगळे पुरावेसाहेब म्हणत. त्यांना ते कौतुक वाटे.

त्यांच्या घरात जहाजाने परदेशी सहल ठरली. जाणारे चार जण : स्वतः, पत्नी, मुलगी आणि आई. याआधीच्या प्रत्येक सहलीला पुरावेसाहेब ऐनवेळी कामात अडकले होते. घरातल्या सहलींच्या एकाही फोटोत ते नाहीत.

"बाबा, या वेळी नक्की ना?" मुलीने विचारले.

"कागदोपत्री अगदी पक्कं," ते म्हणाले.

जहाज कंपनीने पाठवलेली कागदपत्रांची यादी एका पानात संपत होती. पुरावेसाहेबांना तो हलगर्जीपणा वाटला. त्यांनी यादीची फोड केली, फोडींना पोटकलमे दिली आणि तयारीला लागले. चौघांचे मिळून अठ्ठेचाळीस फोटो काढण्यात आले. त्यांत कोणीही हसलेले नाही. (नियमच तसा आहे. सहलीला निघालेला माणूस खूश दिसला, तर संशय येणारच.)

"आजी, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका," फोटोग्राफर म्हणाला.

"पन्नास वर्षं संसार केलाय मी," आई म्हणाली. "काढ तू."

पुढे लग्नाच्या दाखल्याच्या सहा प्रती काढायच्या ठरल्या. पत्नी म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुमचं ऐकून घेतेय. तो पुरावा पुरणार नाही का?"

पुरावेसाहेबांनी थोडा विचार केला. "ऐकून घेतल्याची नोंद कुठे आहे?"

यादीत शेवटी एक अट होती : मूल एकाच पालकाबरोबर प्रवास करत असल्यास दुसऱ्या पालकाचे संमतीचे प्रतिज्ञापत्र सोबत ठेवावे. दोघेही जाणार होते, म्हणजे अट लागू नव्हती. पण लागू नसलेल्या अटीची पूर्तता करून ठेवतो तोच खरा तयारीचा माणूस. आयत्या वेळी त्यांना ताप आला तर? कचेरीने रजा नाकारली तर? त्यांच्यापायी तिघींची सहल का बुडावी? (हेतू किती चांगला होता, याची कृपया नोंद घ्यावी.)

त्यांनी लिहिले : मी सदर प्रवासास जात नसून, पत्नीने मुलीस नेण्यास माझी हरकत नाही.

"म्हणजे तुम्ही येत नाही?" नोटरीने विचारले.

"येतोय. पण आलोच नाही तर."

नोटरीने शिक्का मारला. समजून घेण्यापेक्षा त्याला वेळ कमी लागतो.

पत्नीनेही असेच प्रतिज्ञापत्र करावे, अशी त्यांची इच्छा होती. तिने साफ नकार दिला. "मी येणारच आहे. येत नाही असं लिहून कशाला देऊ?" पुरावेसाहेबांनी तिला समजावले नाही. सगळ्यांनाच दूरदृष्टी नसते.

बंदरावर तपासणीच्या बाईंनी फाइल उघडली आणि शेजारच्या खिडकीतल्यांना बघायला बोलावले. अनुक्रमणिका असलेली फाइल त्या खात्याने प्रथमच पाहिली होती. पुरावेसाहेबांना भरून आले. मग बाईंचे बोट एका कागदावर थांबले.

"हे गृहस्थ येत नाहीयेत."

"मीच तो."

"पण तुम्ही शपथेवर लिहून दिलंय."

"ते आलो नाही तर."

"बरं. आणि आलात, याचा कागद?"

तो नव्हता.

"अहो बाई, माणूस धडधडीत समोर उभा आहे!" पत्नी म्हणाली.

बाईंना ते पटले असावे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. हा कागद मी बघितलाच नाही."

इथे सहल वाचली होती. परंतु पुरावेसाहेबांचा चेहरा उतरला.

"बघितला नाही कसं म्हणता? प्रतिज्ञापत्र आहे ते! शपथेवर केलेलं विधान कोणी समोर उभं राहिलं म्हणून बाजूला सारायचं? मग उद्या कोणीही उभं राहील."

बाई वरमल्या. इतक्या वर्षांत नियम त्यांना कोणी इतक्या पोटतिडकीने समजावून सांगितला नव्हता. त्यांनी कागद परत फाइलला लावला आणि तिघींना पुढे सोडले.

"आई, आणि बाबा?" मुलीने विचारले.

"तुझे बाबा लिहून दिलेलं पाळतात," पत्नी म्हणाली, आणि फाइल काखेत मारून चालू लागली.

"त्याला म्हणावं, वेळेवर जेव," आजी म्हणाली.

फाइलबरोबर पुरावेसाहेबांचा पासपोर्टही जहाजावर गेला. बाहेर पडायच्या फाटकावर पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितले.

"जहाजावर आहे."

"आणि तुम्ही इथे?"

"हो."

पहारेकऱ्याकडे यासाठी कलम नव्हते. त्याने खुर्ची दिली.

जहाज सुटताना मुलीने कठड्यावरून त्यांचा फोटो काढला. सहलीच्या फोटोत ते पहिल्यांदाच आले. चेहऱ्यावर काहीही नाही, हुबेहूब पासपोर्टवरच्यासारखे. कोणताही अधिकारी पटकन ओळखेल.

आपण हसत असाल, तर अवश्य हसावे. फक्त एक आठवून पाहा : आपल्या स्वतःच्या पासपोर्टची मुदत कधी संपते? आणि तो नेमका कोणत्या कपाटात आहे? हरकत नाही, उठून पाहून या. घाई करू नका. पुरावेसाहेब बसलेले आहेत, आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे.