पाळण्याआधी टेबल

कोणतंही काम नीट व्हायचं असेल, तर त्याच्याआधीची कामं आधी नीट झालेली असावी लागतात. हे तत्त्व बहुतेकांना पटत नाही, म्हणूनच जगात इतक्या वस्तू तयार झालेल्या दिसतात.

खरेदीसाहेबांना मात्र ते पुरतं पटलेलं होतं. एका कारखान्याच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, आणि तेवढ्या काळात त्यांच्या हातून एकही चुकीची खरेदी झाली नव्हती. (एकूण खरेदी किती झाली, असं विचारणारे लोक विघ्नसंतोषी असतात.)

मुलीला पाचवा महिना लागल्याचं कळलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "पाळणा माझ्या हातचा. दुकानातला आणायचा नाही, आत्ताच सांगून ठेवतो," ते म्हणाले.

"बाबा, खरंच कराल?" मुलीने विचारलं. ती त्यांना लहानपणापासून ओळखत होती.

आठवड्याभरात मागच्या खोलीत फळ्या आल्या, करवत आली, रंधा आला. आणि तिथेच घोडं अडलं. फळीला रंधा मारायचा तर ती हलता कामा नये. म्हणजे सुतारकामाचं भक्कम टेबल हवं. ते विकत घ्यावं की घरी करावं? साहेबांनी ताबडतोब एक समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सचिव ते स्वतः, आणि सदस्यांत मतभेद नकोत म्हणून सदस्यही ते स्वतःच. पहिली बैठक गणसंख्येअभावी तहकूब झाली, कारण साहेबांना सर्दी झाली होती.

दुसऱ्या बैठकीत घरी करण्याचा पर्याय चर्चेला आला. टेबल करायचं तर फळ्यांना रंधा मारावा लागणार, आणि त्यासाठी टेबल लागणार. म्हणजे आधी एक तात्पुरतं टेबल करायचं. ते तात्पुरतं असलं तरी डुगडुगणारं चालणार नव्हतं, सबब त्याच्यासाठीही एक टेबल लागत होतं. हा विचार सहाव्या टेबलापर्यंत गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, जेवायला येताय ना? जेवणाचं टेबल आहे आपल्याकडे, बरं का." ही सूचना विषयाला सोडून असल्याची नोंद झाली.

तज्ज्ञाचं मत हवं म्हणून कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं. तो हसला. "टेबल कशाला साहेब? मी जमिनीवर बसतो, पायाने फळी दाबतो, झालं. चाळीस वर्षं असंच चाललंय." साहेबांनी फाइलमध्ये लिहिलं : तज्ज्ञाकडे स्वतःचे टेबल नाही, सबब टेबलाविषयीचे त्याचे मत ग्राह्य धरता येत नाही.

राहिला विकत घेण्याचा पर्याय. टेबल मनगटाच्या उंचीचं असावं, असा नियम त्यांना कुठेतरी वाचायला मिळाला होता. पण त्यांचं मनगट सकाळी एका उंचीवर भरे आणि संध्याकाळी अर्धं बोट खाली. महिनाभर मोजमाप घेऊन सरासरी काढण्यात आली. (बाळ याच महिन्यात जन्मलं. मुलगी झाली. तिला तूर्त कपड्यांच्या टोपलीत झोपवलं, आणि ती तक्रार न करता झोपली.)

नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं हवी होती. दोन दुकानांची आली. तिसरं साहेबांनी स्वतःकडूनच मागवलं, स्वतःला रीतसर पत्र लिहून. ते मुदतीनंतर दोन दिवसांनी पोचलं, शिवाय सोबत अनुभवाचा दाखला नव्हता. साहेबांनी ते फेटाळलं. भिडेखातर नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते. मात्र आता दोनच दरपत्रकं उरली, म्हणून सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. नातीचे थेट अंगणातच दिसले, धावताना. मग 'पाळणा' हा शब्द खोडून वर 'लहान खाट' असं लिहिण्यात आलं, आणि पुढे 'अभ्यासाचं मेज'. वस्तू बदलली की टेबलाची गरज नव्याने तपासावी लागे. चार वर्षांत सदतीस बैठका झाल्या, त्यांतल्या बावीस तहकूब झाल्या, आणि फाइल इतकी जाड झाली की ती दाबून बसवायला साहेबांना एखादं भक्कम टेबल हवंसं वाटू लागलं.

एका दुपारी साहेब मागच्या खोलीत गेले, तर नात जमिनीवर बसलेली. पुढ्यात एक पुठ्ठा, तो तिने पायाने दाबून धरलेला, आणि हातात आजीची कात्री. बाजूला बाहुली वाट बघत पडलेली.

"काय चाललंय?"

"पाळणा करतेय. आजोबा, तुम्ही इकडून धरा ना, घसरतोय."

पुठ्ठा ओळखीचा वाटला. तो फाइलचा होता. साहेब ओरडणार होते, पण तिने मान वर करून पाहिलं आणि जरा सरकून त्यांना जागा करून दिली. गुडघे कुरकुरले, तरी ते खाली बसले. दुसऱ्या बाजूने त्यांनीही पाय ठेवला. चिकटपट्टी लावून पाळणा पुरा व्हायला दहा मिनिटं लागली. इतकं सुख त्यांना एकतीस वर्षांत झालं नव्हतं, आणि ते त्यांनी बायकोला बोलूनही दाखवलं. त्या दिवशी तिच्या हातून चहात साखर जरा जास्त पडली.

दुसऱ्या दिवशी ही प्रगती नोंदवायला साहेबांनी फाइल उघडली. कागद सुटे झाले होते. आता आधी पुठ्ठा हवा. तो विकत आणावा की घरी करावा, यावर सोमवारी बैठक आहे.

हसू आलं असेल तर हसा, ते नियमात बसतं. फक्त एक सांगा. आज तुम्हीही कुणाला तरी कबूल केलेलं काहीतरी करायला म्हणून बसला होतात ना, आणि त्याआधी जरा दोन पानं वाचू म्हणून हे हातात घेतलंत? वाचून झालं. आता उठा, आणि ज्याला कबूल केलं होतं, त्याची उंची तोवर किती वाढली, ते एकदा मोजून बघा.