लियाओकाका गाडी थांबवतात

"कट," म्हणत दिग्दर्शिका यी-त्सेन रस्त्यातच मटकन बसली. चौथ्यांदा तेच झालं होतं.

प्रसंग अगदी सोपा. तीन दरोडेखोर बँकेतून धावत येतात, दोघं गाडीत उड्या मारतात, तिसरा मागे राहतो आणि काळे हातमोजे घातलेला ड्रायव्हर ढुंकूनही न बघता गाडी भरधाव काढतो. सिनेमाचा सगळा रुबाब या निर्दयपणात होता. पण हिरोच्या जागी गाडी चालवणारे लियाओकाका दर वेळी आरशात बघत आणि ब्रेक दाबत.

"काका, का थांबलात?"

"तो पळत येत होता ना."

"त्याला मागेच राहायचंय, काका."

"हातात पिशवी होती त्याच्या," काका ओशाळून म्हणाले. "ब्रेक आपोआप दाबला गेला, पोरी."

काकांनी एकोणतीस वर्षं ताइनानच्या याच गल्ल्यांत घंटागाडी चालवली होती. पिशवी घेऊन मागे धावणाऱ्याला टाकून जायचं, हे त्यांच्या बापजन्मात घडलं नव्हतं. गल्लीबोळ त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाहीत, म्हणून यी-त्सेनने त्यांना घेतलं. निवृत्तीनंतर घरात माशा मारत बसलेल्या माणसाच्या हाती पुन्हा स्टिअरिंग आलं. त्या कृतज्ञतेपोटी काका रोज तिच्यासाठी माशाची पेज डब्यातून आणत. डबा रिकामा झालेला बघितल्याशिवाय हलत नसत.

पाचव्या वेळी तिने यू-लुनच्या, म्हणजे तिसऱ्या दरोडेखोराच्या हातातली पिशवीच काढून घेतली. काका तरीही थांबले.

"पिशवी विसरला वाटतं," ते म्हणाले.

निर्मात्याने घड्याळ पाहिलं. "ऊन चाललंय. आता शेवटचं. नाही जमलं तर उद्या दुसरा ड्रायव्हर."

काकांनी हातमोजे काढून नीट घडी घातली. यी-त्सेनला त्यांच्याकडे बघवेना.

हे सगळं त्याच गल्लीत राहणाऱ्या क्वो आजी आपल्या दारातल्या स्टुलावरून बघत होत्या. त्या गुडघा धरून उठल्या. "पोरी, पाच मिनिटं दे. अकरा वर्षं हा माणूस माझ्यासाठी कोपऱ्यावर थांबलाय. या गुडघ्यामुळे मी कायम शेवटची. पण एकदाही हॉर्न वाजवला नाही हो त्याने." मग घरातून खरकट्याची पिशवी घेऊन त्या लंगडत गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या आणि पिशवी उंच धरून उभ्या राहिल्या. काकांनी हातमोजे पुन्हा चढवले.

"ॲक्शन."

काकांना समोर आजी दिसल्या. आजी आधी पोचल्यात आणि आपली गाडी मागे, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी आरशात पाहिलंच नाही. गाडी अशी सुटली की मागचे दोघं खरोखरच किंचाळले. कुंड्यांना चाटून वळण घेत ती बरोबर आजींपुढे थांबली, डिकी त्यांच्याकडे करून. यू-लुन धुळीत एकटाच उभा राहिला.

"आज लवकर आलात," आजी म्हणाल्या आणि पिशवी डिकीत ठेवली.

"तुम्ही होतात म्हणून," काका म्हणाले.

आनंदाच्या भरात यी-त्सेन कट म्हणायचं विसरली. तेवढ्यात गाडी त्याच वेगाने अख्खी गल्ली उलटी आली आणि यू-लुनपाशी थांबली.

"काका, मला मागे राहायचं होतं."

"राहिलास ना. झालं तुझं काम. आता बस."

कॅमेरा चालूच होता. यी-त्सेनने डोळे पुसले आणि कट म्हटलंच नाही.

सिनेमा आता तिथेच संपतो. शेवटच्या आभारांच्या यादीत सगळ्यात वर क्वो आजींचं नाव आहे, मग काकांचं. काकांनीच तसं मागून घेतलं. म्हणाले, "कायम शेवटच्या असायच्या. एकदा तरी पहिल्या येऊ देत."