बिनदाराच्या गावात बिनतारेचा फोन

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत बन्सीने घरात बिनतारेचा फोन आणायचं ठरवलं, तेव्हा त्याला एवढंच हवं होतं की अंगणात खाटेवर लवंडून बोलता यावं. तारेच्या फोनपाशी भिंतीला चिकटून उभं राहायचा त्याला कंटाळा आला होता. यात कुणाचं वाईट व्हावं असं काही नव्हतं. पण माणसाच्या हातून मोठे घोटाळे होतात ते बहुधा अशाच गरीब दिसणाऱ्या हौशीतून होतात.

बन्सी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होता. कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं हे रजिस्टरात लिहायचं आणि संध्याकाळी सायकलवर टांग मारून शिंगणापूरला घरी यायचं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाने त्याला ‘तुमचं काय मत?’ असं विचारलं नव्हतं. घरी बायको, मालनबाई, विचारायची. पण सगळं ठरवून झाल्यावर विचारायची. गल्लीत मात्र त्याचा मान निराळा होता. कुणाला टीव्ही घ्यायचा असो, मिक्सर, टेपरेकॉर्डर किंवा पोरांसाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, आधी बन्सीला विचारायचं अशी रीतच पडली होती. बन्सी डोळे मिटायचा, चांगला अर्धा मिनिट गप्प बसायचा आणि मग मत द्यायचा. हे मत म्हणजे त्याची सारी इस्टेट. (त्याच्या स्वतःच्या घरात फ्रिज नव्हता. पुढच्या वर्षी याहून चांगलं मॉडेल येणार आहे, असं तो मालनबाईला सहा वर्षं सांगत होता.)

आता ही मतं यायची कुठून, हे गुपित होतं. बन्सीचा भाचा करण पुण्यात टीव्ही-फ्रिजच्या दुकानात कामाला होता. दर रविवारी सकाळी बन्सी त्याला फोन लावायचा. नवीन काय आलंय, काय टिकतं, काय आठ दिवसांत मान टाकतं, ते सगळं कॅलेंडरच्या पाठीमागे उतरवून घ्यायचा. सोमवारपासून ते त्याचं स्वतःचं मत. ही गोष्ट गल्लीत कळली तर आपल्यापाशी उरणार काय, या विचाराने त्याला कधीकधी ताटावरून उठावंसं वाटे.

तर करणने बिनतारेचा फोन पाठवला. बन्सी पहिल्याच दिवशी फोन हातात घेऊन अंगणात, मग गोठ्यात, मग रस्त्यापर्यंत बोलत गेला. शेजारच्या गहिनीनाथाने ते पाहिलं. गहिनीनाथाचं देवळाच्या वाटेवर पूजेच्या ताटांचं आणि तेलाचं दुकान. दोघं एका वयाचे, बरोबर शाळेत गेलेले आणि बरोबरच नापास झालेले. त्याने विचारलं, कोणता घ्यावा? बन्सीने डोळे मिटले आणि सांगितलं, डिट्टो हाच घे, इकडेतिकडे बघूच नकोस. महिन्याभरात तसाच फोन, त्याच कंपनीचा आणि त्याच रंगाचा, भिंतीपलीकडे गहिनीनाथाच्या घरात आला. फोनबरोबर एक माहितीचं पुस्तक होतं. ते बन्सीने न वाचता जपून ठेवलं होतं.

पौषातल्या एका संध्याकाळी त्याने कारखान्यात फोन लावायला म्हणून बटण दाबलं, तर आत गहिनीनाथ बोलत होता. जामखेडच्या दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, तो सांगत होता, “रंगीत टीव्हीचं उद्या बन्सीला इचारतो आन् मग सांगतो.”

बन्सीने फोन लगेच बंद करायला हवा होता. आणि चोरून ऐकायचं ते कुठल्या गावात? जिथे घरांना दारंच नाहीत. चौकट असते, पडदा असतो, कुत्रं शिरू नये म्हणून एखादी आडवी फळी असते. कडी नाही की कुलूप नाही. चोरी केली तर शनिदेव शिक्षा देतो, आंधळं करतो, चोराला शिवेबाहेर पडू देत नाही, ही इथली श्रद्धा. याच बन्सीला एकदा रस्त्यात कुणाची तरी छत्री सापडली, तर त्याने ती चार दिवस तशीच पडू दिली होती. त्यातल्या दोन दिवशी त्याला भिजत घरी यावं लागलं. पण आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात काही निराळीच गोडी असते. त्याने फोन कानाला आणखी घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ पडदा सारून आत आला आणि खाटेवर टेकला. त्याने तोंड उघडायच्या आत बन्सी म्हणाला, “दाजींना रंगीत टीव्ही घ्यायचाय, व्हय ना? एकवीस इंची सांग.” गहिनीनाथ त्याच्याकडे बघतच राहिला. मग चहा पिऊन गेला.

इथून बन्सी वाया गेला. रोज संध्याकाळी तो फोन घेऊन गोठ्याकडे जायचा. मालनबाईने विचारलं, तर म्हणायचा, रेंज बघतोय. ती म्हणाली की म्हैस काही फोन करत नाही, तिथली रेंज बघून काय करायचंय. पण बन्सी तिच्या बोलण्याकडे लक्ष देण्याच्या पलीकडे गेला होता. गहिनीनाथाकडे फोनवर कुणी काही विचारलं की दुसऱ्या दिवशी बन्सीपाशी उत्तर तयार असायचं. कुणाला टेबलफॅन हवाय, कुणाच्या रेडिओची घरघर थांबत नाही, हे त्याला विचारण्याआधी कळायला लागलं. देवळाच्या वाटेवरचे दुकानदार म्हणू लागले की बन्सीला मनातलं समजतं. एका भाविक बाईने तर मुलाचं लग्न कधी जमेल तेही विचारलं. (तिला त्याने पुढच्या वर्षापर्यंत थांबायला सांगितलं. सवयीने.)

मग त्याचा उजवा कान दुखायला लागला. रोज तासतासभर फोन दाबून धरल्यावर कुणाचाही कान दुखेल. पण बन्सीला तसं वाटलं नाही. मालनबाई लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडत होती आणि हा डोळे मिटून विचार करत होता. डोळ्यांनी चोरी करणारा आंधळा होत असेल, तर कानांनी चोरी करणाऱ्याचं काय होत असेल? छत्री उचलली असती तर निदान परत देता आली असती. ऐकलेलं परत कसं द्यायचं? दोन शनिवार तो देवाला तेल घालायला गेला नाही. आतून लाज वाटत होती, खरीखुरी. आणि तरीही संध्याकाळ झाली की पाय गोठ्याकडे वळायचे, याची लाज त्याहून जास्त वाटत होती.

माघात एकदा त्याने बटण दाबलं तेव्हा बोलणं संपत आलं होतं. गहिनीनाथ दाजींना म्हणत होता, “पन बन्सीला कळू द्यायचं न्हाई. त्याला लई लागंल.” आणि फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवसापासून सगळं सामसूम. बटण दाबलं की स्वतःच्या फोनचा शुद्ध, सोज्वळ डायलटोन. भिंतीपलीकडे गहिनीनाथ बोलतोय हे नुसत्या कानांनी ऐकू यायचं, पण फोनमध्ये चिटपाखरू नाही. आठ दिवस बन्सीने गोठ्यात, अंगणात, शेवटी शिडी लावून पत्र्यावर चढून पाहिलं. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गहिनीनाथाने नवा फोन आणलाय. दुसऱ्या कंपनीचा. आणि आपल्याला न विचारता.

देवाने आंधळं केलं असतं तरी बन्सी एवढा खचला नसता. आज गहिनीनाथाने विचारलं नाही, उद्या गल्ली विचारणार नाही, परवा तो नुसता टाइम ऑफिसातला कारकून. रात्री त्याने भाकरी तशीच ताटात ठेवली. मालनबाईला वाटलं, दाढ दुखतेय. तिने लवंग दिली.

सकाळी तो शेजारी गेला. चौकटीला दार नव्हतंच, एरवी तो सरळ आत शिरायचा. आज तो पडद्याबाहेर उभा राहून खोकला. गहिनीनाथाची बायको बनुबाई चुलीपाशी होती, गहिनीनाथ तेलाच्या बाटल्या पुसत होता. बन्सीने वाटेत बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच:

“मला न सांगता नवा फोन आनलास?”

“नवा कुठला? हा काय, तू सांगितलेलाच हाय.” गहिनीनाथाने कोनाड्याकडे बोट दाखवलं. तोच फोन, तोच रंग. “आन् मी काही लपवतोय असं तुला कुनी सांगितलं?”

आता काही लपवायची सोयच उरली नव्हती. बन्सी मटकन जोत्यावर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पौषातली ती संध्याकाळ, गोठा, दुखरा कान, चुकवलेले दोन शनिवार. सांगताना त्याचे डोळे भरून आले. गहिनीनाथ बाटली पुसत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला की हे त्याला पहिल्याच सकाळी कळलं होतं. इचारायच्या आधी उत्तर देणारा मानूस एकतर देव असतो नाहीतर भिंतीला कान लावून बसलेला असतो, आणि बन्सीला त्याने शाळेपासून पाहिलेलं आहे. नगरच्या फोन दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, दोन्ही फोन एकाच लहरीवर चालतायत. बॅटरीच्या झाकणाखाली बारकं बटण आहे, ते सरकवलं की झालं. ते मागच्या आठवड्यात सरकवलं.

“मग मला कळू द्यायचं न्हाई, असं का म्हनलास?”

“फोनमधलं एक बटन मला ठाव हाय आन् तुला न्हाई, हे तुला सोसलं असतं का?”

नसतं सोसलं बन्सीला. हे खरं होतं. मग त्याच्या मनात एक भयंकर विचार आला. वाट दोन्हीकडून उघडी होती. त्याने घाबरतच विचारलं, “तुमालाबी माझं ऐकू येत हुतं?”

गहिनीनाथाने बायकोकडे पाहिलं. बनुबाईने तव्यावरची भाकरी उलटली आणि ती म्हणाली, “नुसतं रविवारचं, भाऊजी.”

म्हणजे करण. म्हणजे सगळंच. कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतलेलं प्रत्येक मत या दोघांनी ताजंताजं, त्याच्याबरोबरच ऐकलं होतं. बन्सीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो म्हणाला, मग सोमवारी पुन्हा मला इचारायला कशाला यायचास?

“न्हाई आलो असतो तर तू काय केलं असतंस?” गहिनीनाथ म्हणाला. मग थोडा थांबून त्याने सांगितलं की चोर काय एकटा बन्सीच नव्हता. शनिवारी देवाला तेल घालताना तो बन्सीच्याही वाटचं घालत होता.

पुसलेली बाटली फळीवर गेली. मग गहिनीनाथाने जरा अवघडत सांगितलं की दाजींना आता फ्रिज घ्यायचाय आणि बटण सरकवल्यापासून पुण्याचं काही कळत नाही. बन्सीची हरकत नसेल तर करणचा नंबर मिळेल का?

बन्सीने खिशातला पेन काढला आणि विड्यांच्या पाकिटावर नंबर लिहून दिला. आपल्या हाताने आपली इस्टेट दुसऱ्याच्या नावावर करताना हात थरथरतो म्हणतात. त्याचा थरथरला नाही, उलट बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. कानही दुखायचा थांबला. घरी येऊन त्याने मालनबाईला सांगितलं की आजपासून आपल्याला कुणी काही विचारणार नाही. ती म्हणाली, मग आता फ्रिज कधी आणता?

अर्ध्या तासाने गहिनीनाथ परत आला आणि नेहमीच्या जागी खाटेवर बसला. चेहरा पडलेला. म्हणाला, करणला फोन लावला होता. पोरगं म्हणालं, आमच्या मामांनाच विचारा, त्यांना यातलं सगळं कळतं.

तेवढ्यात बन्सीचा फोन वाजला. पलीकडे करण घाईघाईने, दबक्या आवाजात बोलत होता: मामा, गहिनीनाथकाका येतील, मी तुमचंच नाव सांगितलंय, लिहून घ्या. बन्सीच्या हाताला कॅलेंडर लागेना. तो नुसता हूं हूं करत राहिला, भाच्याच्या या मायेतच गुंतला आणि आकडे कानावरून तसेच निघून गेले. फोन ठेवून त्याने गहिनीनाथाकडे पाहिलं. गहिनीनाथ गंभीरपणे छताकडे बघत होता, जणू या घरात आत्ता फोन वाजलाच नव्हता. मग म्हणाला, “बन्सी, फ्रिज कोनता घ्यावा?”

बन्सीने डोळे मिटले. अर्धा मिनिट गप्प बसला. आणि ठामपणे म्हणाला, “दोनशे लिटरचा सांग दाजींना. डोळे झाकून.”

पलीकडच्या अंगणात बनुबाई फोन कानाला लावून उभी होती. झाकणाखालचं बटण तिने बन्सीची पाठ वळताच पुन्हा होतं तिथे नेऊन ठेवलं होतं.

“भाऊजी,” ती भिंतीवरून म्हणाली, “दोनशे न्हाई, एकशे पासष्ट म्हनला त्यो. आन् कुलूपवाला.”